मारामारी आणि प्रेमातलं भांडण: कॅमेरा कुणावर ठेवायचा?

आयर्विनचा_कट्टा

राम राम मंडळी.

आमची सांगलीतली हौशी नाटकवाल्यांची टोळी यंदा राज्य नाट्य स्पर्धेला उतरत नाहीये. पोरांनी हट्ट धरलाय, शॉर्ट फिल्म करायची. गोष्ट साधी आहे. हळदीच्या वखारीत हिशेब लिहिणारी मुलगी, ट्रकवरचा पोरगा, दोघांची रोजची जुंपाजुंपी आणि शेवटी त्याच वखारीत मालकाच्या माणसांशी हाणामारी. म्हणजे अर्धा रोमकॉम, अर्धी मारधाड. (का, तर टोळीतल्या कुणालाच आपली हौस सोडायची नव्हती.)

आता वाद असा पेटलाय की दिग्दर्शक म्हणतो घिसंपिटं काही नको. धडकून वह्या पडणं नको, पावसात भिजणं नको, गैरसमज नको, शेवटी धावत जाऊन हात धरणं नको, मारामारीत स्लो मोशन नको. कॅमेरावाला म्हणतो, एवढं सगळं काढलंस तर मग उरली फक्त हळद, तिचं शूटिंग कर.

मी मधला माणूस. माझं म्हणणं एवढंच की या दोन्ही प्रकारांचा शेवट पोस्टरवरच छापलेला असतो. पोरगं-पोरगी एकत्र येणार, हिरो जिंकणार. तिकीट काढतानाच हे माहीत असतं, तरी लोक जातात. मग संकेतांवर एवढा राग का? आणि राग धरायचाच तर दोन्हीकडं सारखा धरा की. हिरोनं दहा जणांना लोळवलं की आपण शिट्टी मारतो, दहाही जण एकेक करून येतात याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण नायक-नायिकेची गाठ योगायोगानं पडली की लगेच "काय हे, असं कुठं असतं का!"

मारधाडीला सगळं माफ आणि रोमकॉमला काहीच नाही, असं का होतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. शूटिंग कसं करावं यावरही बोला, कॅमेरा भाड्यानं आणून झालाय.

भडंगप्रेमी

हिरोला गोळी खांद्यालाच लागते आणि पुढच्या सीनला त्याच खांद्यावर हिरॉईन असते. ही खांद्याची गोळी सांगलीत कुठं मिळते चौकशी करून ठेवा, बजेटमध्ये बसेल.

बाकी धागा वाचतोय. काडी टाकून गेलो.

तिखटजाळ

माफ का नाही ते मी सांगते.

गाडी हवेत उडवून सात कोलांट्या घ्यायचा प्रयोग खंबाटकी घाटात कुणी करून बघत नाही. पण मुलीनं नाही म्हटल्यावर तिच्या मागं मागं फिरायचं, तिच्या घरासमोर गाणं म्हणायचं, मित्रांना घेऊन तिची एसटी अडवायची, हे प्रयोग साताऱ्याच्या स्टँडवर रोज चालतात. आमच्या कॉलेजच्या दिवसांत चालत होते, आज माझ्या भाचीलाही तेच झेलावं लागतंय. पडद्यावर ते गोड दिसतं, कारण शेवटी ती हसते. ती हसणार आहे हे पटकथेनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून रोमकॉमच्या संकेतांना जास्त जाब विचारला जातो, आणि विचारलाच पाहिजे.

योगायोगावर माझा काही राग नाही, कट्टा. वह्या खुशाल पाडा. पण त्या उचलताना तिलाही काहीतरी बोलू द्या. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) आठवा. ती मुंबईहून मुलाला नकार द्यायला पुण्यात आलेली, तो तिथलाच, आणि अख्खा सिनेमा दोघं फिरतात आणि वाद घालतात. दोघांची नावंही आपल्याला कळत नाहीत. योगायोग त्यात केवढा मोठा आहे! तरी खटकत नाही, कारण वादात ती तसूभर कमी नाही.

फक्त_वाचनमात्र

तिखटजाळ, +१.

कात्री_चालवा

मूळचा कऱ्हाडचा, सध्या मुंबईत एडिटिंगवर पोट भरतो. रोज दोन्ही प्रकारचा माल टेबलावर येतो, म्हणून जरा लांबण लावतो.

नवीन पोरं मारामारी शूट करून आणतात तेव्हा सगळा कॅमेरा हिरोवर असतो. हिरोचा ठोसा, हिरोची लाथ, हिरोचा चेहरा. एडिटला बसलो की रडू येतं, कारण ठोसा लागलाय असं वाटायला जो माणूस लागतो त्याचा शॉटच नसतो. ठोसा विकतो तो मार खाणारा. त्याची मान कधी वळली, किती वळली, पाय कधी सुटले यावर सगळं आहे. मारणाऱ्याची फक्त दिशा बरोबर लागते.

आता कॅमेरा कुठं ठेवायचा ते बघा. मारणाऱ्याच्या नाहीतर मार खाणाऱ्याच्या खांद्यामागं. हात कॅमेऱ्याच्या रेषेत आला की हात आणि गाल यांच्यातलं वीतभर अंतर दिसत नाही. लांब लेन्स लावली तर ते अंतर आणखी चपटं होतं. बाजूनं शूट केलंत तर ते वीतभर अंतर तिसऱ्या रांगेतलं पोरगंसुद्धा बोट दाखवून सांगेल.

दुसरी गोष्ट कापण्याची. हाँगकाँगवाल्यांची जुनी युक्ती आहे. ठोसा एका शॉटमध्ये पूर्ण लागू द्यायचा आणि पुढचा शॉट दोन-तीन फ्रेम मागून सुरू करायचा, म्हणजे तोच धक्का पुन्हा थोडासा दिसतो. पुनरावृत्ती डोळ्याला कळत नाही, जोर तेवढा कळतो. जॅकी चॅनच्या चांगल्या दिवसांतल्या मारामाऱ्या बघा, मारणं आणि लागणं शक्यतो एकाच चौकटीत असतं. याच्या उलट टोक म्हणजे हलता कॅमेरा आणि सेकंदा-दोन सेकंदाला कट. २००४ च्या 'द बॉर्न सुप्रीमसी'नंतर त्याची साथच आली. त्याचा दिग्दर्शक ग्रीनग्रास, त्यानं ते विचारपूर्वक केलं होतं, नंतरच्यांनी झाकाझाक म्हणून वापरलं. कुणाला धड मारता येत नसेल तर कॅमेरा हलवा, असा सोयीचा मामला झाला.

भरभर कट हवेच असतील तर 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) बघा. दिग्दर्शक जॉर्ज मिलरनं ठरवून टाकलं होतं की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवायची. कट कितीही झाले तरी डोळ्याला इकडंतिकडं शोधाशोध करावी लागत नाही. मार्गारेट सिक्सेलला त्या एडिटिंगचं ऑस्कर मिळालं, ते उगीच नाही.

आता रोमकॉम. इथं तर पोरं याहून वाईट करतात. जो बोलतोय त्याच्यावर कट, मग दुसरा बोलला की त्याच्यावर कट. सगळा सीन टेबल टेनिस. अरे, विनोद फुटतो ऐकणाऱ्याच्या तोंडावर! तिनं टोमणा मारला की कॅमेरा त्याच्यावर पाहिजे. तो गिळतो की उसळतो की हसू दाबतो, ते बघायला माणूस बसलेला असतो. दोघं एकाच चौकटीत ठेवता आले तर उत्तम, म्हणजे कुणाला बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. भांडणात दोघंच, मारामारीत दोघंच. एकानं द्यायचं, दुसऱ्यानं घ्यायचं, आणि घेणाऱ्याला येत नसेल तर देणारा कितीही मोठा नट असो, सीन पडला.

हॉलिवूडचा जुना दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, त्याची एक गंमत सांगतो. १९२८ च्या 'द फ्रंट पेज' या नाटकात संपादक आणि त्याचा नोकरी सोडून निघालेला बातमीदार असे दोन पुरुष भांडतात. हॉक्सनं १९४० मध्ये त्यावरून 'हिज गर्ल फ्रायडे' केला तेव्हा बातमीदाराच्या जागी बाई आणली, तीही संपादकाची घटस्फोटित बायको. भांडण बव्हंशी तेच राहिलं, पण त्याचा रोमकॉम झाला. दोघं एकमेकांची वाक्यं तोडत, एकमेकांवर चढून बोलतात. ती मारामारीच आहे.

हरिपूरकर

कात्री, बरोबर बोललात. पण यासाठी हाँगकाँगला जायची गरज नव्हती, वाटेत हरिपूर लागतं.

आम्ही रंगमंचावर थोबाडीत मारायचो तेव्हा टाळी मार खाणारा वाजवायचा, प्रेक्षकाला दिसणार नाही अशा बाजूला. मारणारा फक्त हात फिरवतो. आवाज मार खाणाऱ्याच्या हातात, मानेचा झटका त्याच्याच अंगात. म्हणून आमचे मास्तर थपडेचा सीन आला की जाणत्या नटाला मार खायला उभा करत, मारायला कुणीही चाले.

मारधाडपटातली जी 'एंट्री' म्हणतात तीही आपल्याकडं जुनीच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं, त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस यायचे ते 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत, राळेचा भडका उडवत. आता राळेच्या जागी धूळ आणि ढोल आलेत, एवढाच फरक.

आणि गैरसमज नको म्हणणाऱ्या तुमच्या दिग्दर्शकाला माझा निरोप द्या. ज्या गावात गोविंद बल्लाळ देवल जन्मले त्या गावाशेजारी राहून तो हे बोलतोय. 'संशयकल्लोळ' काय आहे? रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते, ती फाल्गुनराव बघतो, आणि तिथून चार माणसं एकमेकांवर संशय घेत सुटतात. मूळ मोलिएरचं, १६६० चं. इंग्रजीतून फिरत देवलांकडं आलं. आधी त्याचं नावच 'तसबिरीचा घोटाळा' होतं, १९१६ मध्ये पदं घालून संगीत नाटक झालं. अजून प्रयोग लावा, अजून माणूस हसतो. का? तसबीर कुणाच्या हातात आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि पात्रांना नसतं. आजच्या सिनेमावाल्यांनी प्रेक्षकालाही अंधारात ठेवलं की गैरसमज त्रासदायक होतो. "अगं, एक फोन कर की" असं वाटतं ते तेव्हाच.

भडंगप्रेमी

अण्णा, आता तसबीर कुठली! आता निळी टिक. वाचलंय पण उत्तर नाही, इथंच अर्धा पिक्चर.

फक्त_वाचनमात्र

आज वाचनमात्र राहवत नाही, लिहितोच.

सगळेजण संकेतांना कलेच्या अंगानं बघताय. मला वाटतं अर्धेअधिक संकेत अडचणीतून आले. अमेरिकेत १९३४ पासून सेन्सॉरची संहिता सक्तीनं राबवायला लागले. नवरा-बायको नसलेली माणसं एका पलंगावर दाखवणं मुश्कील झालं. मग 'पिलो टॉक'वाल्यांनी (१९५९) काय केलं? पडदा मधोमध चिरला. इकडं तो आपल्या टबमध्ये, तिकडं ती आपल्या टबमध्ये, फोनवर बोलतायत आणि दोघांचे तळपाय मधल्या रेषेला टेकलेले. नियम पाळला आणि सांगायचं तेही सांगितलं. आपल्याकडं दोन फुलं एकमेकांवर डोलायची, तीही त्याच खटपटीतली.

मारामारीतही तेच. खरी काच फोडता येत नाही म्हणून आधी साखरेची, पुढं रेझिनची काच आली. नट पडू शकत नाही म्हणून पाठमोरा शॉट आला. अडचण संपली तरी संकेत राहतो, कारण तोवर लोकांना त्याची चटक लागलेली असते. आज कुठलंही सेन्सॉर फुलं लावा म्हणत नाही, पण फुलं लावली की थिएटर हसतं, आणि आता त्या हसण्यासाठीच लावतात.

तेव्हा कट्टा, तुमच्या दिग्दर्शकाला विचारा की तुझ्याकडं अडचण कुठली आहे. तिच्यातून जे निघेल ते कर. उसनं घेतलेलं लगेच ओळखू येतं.

रीळवाला

राम राम. मी शिकल्याला न्हाई सिनेमातलं, पण दाखविल्याला लई हाय. टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा, पालचा खंडोबा, अशा जत्रा धरून तंबू हिंडायचा. पोरगं टाईप करून देतंय.

तंबूत पडदा मधी आसायचा. हिकडं गडीमाणसं, आन् गर्दी लई झाली की पडद्याच्या मागं बी लोक बसायची. मागनं बघणाऱ्याला समदं उलटं दिसतंय. हिरो डावरा. पाटी उलटी. बंदूक डाव्या हातात. पर येक बी माणूस मारामारीत घोटाळला न्हाई बघा. कोण कुणाला मारतंय ते समद्यास्नी बराबर कळायचं. आता ह्या ऑनलाईन पिच्चरात म्होरनं बघून बी मला कळत न्हाई कोण कुठं हाय. त्येचं कारण काय म्हणावं?

आनखी येक. शोले यायचा तवा ७० एमेमची प्रिंट आमच्या मशिनीवर चालायची न्हाई, आमाला ३५ ची. पर लोकांस्नी त्येचं काय न्हवतं. त्यास्नी रेल्वेची मारामारी पायजे. मशिनीच्या दिव्यातला कार्बन जळून बारीक झालेला, उजेड पिवळा पडल्याला, तरी बी लोक म्हणायची, "मामा, त्येवढं रीळ परत लाव." रीळ मिनिटाला नव्वद फूट पळतंय, परत गुंडाळायला आमचा घाम निघायचा. गाण्याला परत लाव म्हणायची, मारामारीला म्हणायची. प्रेमाच्या भांडणाला कवा कुणी म्हणलं न्हाई. पर बायकांच्या बाजूनं हसू याचं ते त्याच भांडणाला.

कात्री_चालवा

मामा, तुम्ही फिल्म स्कूलचा अख्खा धडा एका तंबूत बसवलात!

याला १८० अंशांचा नियम म्हणतात. भांडणाऱ्या दोघांच्या मधून एक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग हिरो कायम डावीकडून उजवीकडं बघतो, व्हिलन उजवीकडून डावीकडं. मागून बघणाऱ्याला सगळंच उलटं, पण शेवटपर्यंत उलटंच, त्यामुळं डोकं चालतं. आत्ताच्या कित्येक मारामाऱ्यांत कॅमेरा रेघेच्या या बाजूला एकदा, त्या बाजूला एकदा. लाइन जंप होत राहते आणि माणसं जागा बदलल्यासारखी वाटतात. एक-दोनदा मुद्दाम उडी मारली तर धक्का बसतो, तो हवा असतो. सगळा सीनच उड्या मारत असेल तर धक्का कसला, डोकेदुखी.

नियम रोमकॉमलाही तोच. वखारीत ती गल्ल्याच्या या बाजूला, तो त्या बाजूला. पूर्ण सिनेमाभर तिला डावीकडं ठेवा. समेटाच्या सीनला पहिल्यांदा कॅमेरा रेघ ओलांडू दे. कुणाला कारण कळणार नाही, पण काहीतरी बदललं हे कळेल.

मेणवली_घाट

वाईकर हजर.

आमच्याकडं शूटिंग बघून बघून पोरं एवढी तयार झालीत की 'रोल' म्हटलं की कावळेसुद्धा गप्प बसतात. 'गंगाजल', 'स्वदेस', 'दबंग', सगळे आमच्या कृष्णेच्या काठावर होऊन गेले. पडद्यावर कधी बिहार, कधी उत्तर प्रदेश. घाट, वाडे, देवळं, पाठीमागं डोंगर, पुण्याहून दोन तासांत सगळं मिळतं, मग गंगेपर्यंत कोण जातं. आमच्या आळीत एका दुकानावर हिंदी पाटी रंगवली होती, ती पुसायची राहिली आणि नंतर बरेच दिवस गिऱ्हाईक तिथं येऊन खत मागायचं. दुकान चपलांचं.

एक गोष्ट जवळून बघितली ती सांगते. वरून माणूस पडतो तो सीन. खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचतात, थरावर थर, आणि वरती गाद्या. खोक्यात हवा असते, तो दबतो आणि माणूस सावकाश खाली जातो. पडणारा माणूस त्याआधी खोके स्वतः रचत होता, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता. एक खोका ओला निघाला तर त्यानं अख्खा थर काढून पुन्हा लावला. हिरो तोपर्यंत छत्रीखाली बसून पुढच्या सीनचं हसू पाठ करत होता.

अवांतर: कुणी गाण्यासाठी कासच्या फुलांत लोळायचा विचार करत असेल तर करू नका. पठार जागतिक वारशात आहे, फुलांत उतरू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

आयर्विनचा_कट्टा

मेणवलीताई, खोक्यांची आयडिया उचलली. आमचा विचार होता की गुंड हळकुंडांच्या पोत्यांवर पडेल.

हरिपूरकर

हळकुंडांच्या पोत्यावर पडलात तर गुंडाचं कंबरडं मोडेल, पोत्याला काही होणार नाही! दगड परवडला. पुढच्या दोन रांगांतल्या पोत्यांत भुस्सा भरा, मागं खरी राहू द्यात. आणि हळदीची पूड उधळायचा मोह होईल, उजेडात सुंदर दिसते, पण बंद वखारीत नटांच्या डोळ्यानाकात जाते. दार उघडं ठेवा, थोडीच उधळा, आणि शेवटच्या शॉटला.

कात्री_चालवा

आणि दिवा उघडा ठेवू नका. बारीक पूड बंद जागेत उधळली आणि ठिणगी लागली तर पेट घेते. खरोखरचा भडका होईल, आणि तो शॉट बघायला कुणी उरणार नाही.

स्लो मोशनबद्दल विचारलं होतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम. शूट ४८ ला केलं तर दुप्पट संथ, ९६ ला केलं तर चौपट. उलट जुन्या मारामाऱ्यांत २२ किंवा २१ ला शूट करायचे, म्हणजे हात जरा जलद चालल्यासारखा वाटायचा. फार खाली गेलात तर मूकपट होतो. माझं मत: अख्ख्या मारामारीत एकच क्षण संथ ठेवा, आणि तो ठोशाचा नको, ठोशाआधीचा. मार खाणाऱ्याला कळलंय आणि आता चुकवता येत नाही, तो.

आवाजही विसरू नका. सेटवरच्या ठोशाला आवाजच नसतो. तो नंतर चामड्याच्या जाकिटावर, मांसावर हाणून करतात, हाड मोडायला भाजीचा देठ मोडतात. तुमचा ढिशुम तुम्हीच बनवा, नेटवरून फुकट उचलू नका, तो सगळ्यांनी ऐकलेला आहे.

भडंगप्रेमी

मांसावर ठोसे हाणायचे आणि नंतर त्याचाच रस्सा. निर्मिती खर्च वसूल.

तिखटजाळ

आवाजावरून आठवलं. संकेत टाकून द्यायचे की ठेवायचे, या मूळ वादाचं उत्तर 'सैराट'मध्ये (२०१६) आहे असं मला वाटतं. पहिल्या अर्ध्यात मंजुळेंनी एकही संकेत सोडलेला नाही. स्लो मोशन आहे, विहीर आहे, लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केलेला भलामोठा वाद्यवृंद आहे, मित्रांची टोळी आहे. आणि पाठलाग? बुलेट तिची, ट्रॅक्टर तिचा, रोखून बघते तीही. संकेत तोच, फक्त उलटा बसवलेला. दुसऱ्या अर्ध्यात हळूहळू एकेक काढून घेतलं. गाणी गेली, संथ चाल गेली, आणि शेवटी तर आवाजच काढून घेतला. पहिल्या अर्ध्यात ते सगळं दिलं नसतं तर काढून घेतल्याचं कळलं तरी असतं का? थिएटरात माझ्या शेजारच्या बाई पहिल्या अर्ध्यात शिट्ट्या मारत होत्या. दिवे लागल्यावर कुणी उठेना, दारवाल्यानं येऊन सांगावं लागलं.

म्हणून सगळंच काढून टाका म्हणणाऱ्या तुमच्या दिग्दर्शकाशी मी सहमत नाही. काढून टाकायचं असेल तर आधी द्यायला हवं.

फक्त_वाचनमात्र

सहमत. पण 'सैराट'चं नाव घेऊन आता सगळेच शेवटी आवाज काढतात. तोही संकेत झाला.

मेणवली_घाट

कात्री, एक विचारते. तुम्ही म्हणता ठोसा विकतो मार खाणारा. मग त्याचं नाव कुणाला का ठाऊक नसतं?

कात्री_चालवा

नाव न कळणं हाच त्याच्या धंद्याचा भाग. चेहरा दिसला तर शॉट बाद.

पण बदलतंय. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत साहसदृश्यांसाठी वेगळा पुरस्कार २०१७ पासून सुरू झाला, पहिला पीटर हाइनला, 'पुलिमुरुगन' या मल्याळी सिनेमासाठी. ऑस्करवाल्यांना त्याहून उशिरा जाग आली, त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२७ चे सिनेमे धरून २०२८ च्या सोहळ्यात स्टंट डिझाइनचा पुरस्कार देऊ. तिखटजाळताईंनी सुरुवातीला सात कोलांट्यांचा उल्लेख केला, तो प्रकार 'कसिनो रोयाल'मध्ये (२००६) खरोखर झाला होता. गाडी एवढी दणकट होती की नुसत्या उतारावरून उलटेना, शेवटी खाली नायट्रोजनची तोफ बसवून उडवली. सात पलट्या, विक्रम झाला. आत माणूस होता. पोस्टरवर नव्हता.

आणि रोमकॉममध्येही असंच एक माणूस असतं बरं का. नायकाचा मित्र, नायिकेची मैत्रीण. सगळे टोमणे तेच झेलतात, नायकाच्या मूर्खपणावर पहिली नजर तेच टाकतात, आणि आपण हसतो ते त्यांच्या नजरेवर. पुरस्कार मात्र शेवटी धावत जाणाऱ्याला.

रीळवाला

तंबूत टाळ्या पडायच्या त्या हिरोला. पर पोरं भाईर मैदानात खेळायची तवा पयलं भांडण ह्यावरनं, की मरून पडणार कोण. चांगलं पडणाऱ्याला लई मागणी.

आयर्विनचा_कट्टा

सगळ्यांचे आभार. काल दिग्दर्शक आणि कॅमेरावाल्याला समोरासमोर बसवून हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. दोघं आता निदान एका रिक्षातून घरी गेले.

ठरलंय ते असं. वह्या पडणार, आणि पडल्यावर ती म्हणणार, "उचल, आणि बेरीज पण तपासून दे." गैरसमज राहणार. अण्णांचं ऐकून हातात तसबिरीऐवजी वजनाची पावती दिलीय. ती खोटी आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत, पोरीला नाही. पूर्ण सिनेमाभर ती डावीकडं. वाचनमात्र, आमची अडचण विचारली होतीत ना? अडचण ही की आमच्या हिरोला मारता येत नाही. अजिबात. हात उचलला की डोळे मिटतो.

म्हणून शेवटची मारामारी सगळी तिच्यावर आहे. ती गल्ल्यामागं उभी, दोन्ही हातांत वही, आणि कॅमेरा तिच्या तोंडावरून हलणार नाही. तिच्यामागच्या पोत्यांवर माणसं येऊन आदळतात, आपल्याला दिसतात ती एवढीच. कोण जिंकतंय ते तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. एकदाच कॅमेरा रेघ ओलांडणार, ती वही खाली ठेवून वजन उचलते तेव्हा.

तर आता चांगलं पडता येणारी पाच-सहा माणसं हवीत. खोके वखारीत येऊन पडलेत, पोत्यांत भुस्सा भरायचं काम शनिवारी. रविवारी सकाळी सातला हरिपूरच्या रस्त्याला भेटायचं. मानधन नाही. चहा, भडंग आणि दुपारचं जेवण. चेहरा दिसणार नाही.

भडंगप्रेमी

मी येतो. वजन ९४ किलो, खोके जरा जास्त लावा. आणि पडताना 'आई गं' म्हणायला मिळणार असेल तरच.

तिखटजाळ

'आई गं' नंतर डबिंगला म्हणा. सेटवर गप पडा.